शालिकचं परदेशी मेडल

घरात रिकामे डबे जमा होतेत ना, तसे आमच्या मंडळात किस्से जमा होतेत. कोणी मुद्दाम आणून ठेवत नाही, कोणी फेकतही नाही, अन् एक दिवस वर पाहावं तं माळा भरलेला! आमचं मंडळ म्हणजे बालाघाटचं माजी सैनिकांचं. मी त्याचा सचिव, रिटायर हवालदार क्लार्क पटले. सचिव म्हणजे काय, तं चहा सांगणारा, खुर्च्या लावणारा अन् दर छब्बीस जनवरीले सगळ्यांच्या छात्या तपासून तपासून डोकं फिरवून घेणारा माणूस!

कारण मेडल लावायचे नेम आहेत, बाप्पा. डाव्या छातीवर, एका ओळीत. सगळ्यात मानाचं पहिले, मंग त्याच्या खालचं. परदेशी फौजेनं दिलेलं असलं तं सगळ्यात शेवटी, पार बाहीच्या बाजूनं. अन् जिवंत माणसाचं मेडल दुसऱ्यानं लावायचं नाही. बस, एवढंच! शाळेतल्या पोराले सांगतलं तं दुपारपर्यंत पाठ होईल. पण आमच्या लोकायले आयुष्यभर सांगा, काही फरक नाही.

*

आता आमचे अध्यक्षच घ्या. सुभेदार रहांगडाले साहेब. फौजेत त्यांचा आवाज ऐकला का जवान झोपेतून उठून उभे राहत! असा माणूस. तं एका वर्षी साहेब झेंड्याले आले अन् मी त्यांच्या छातीकडं पाह्यलं, तं मले घामच फुटला. सगळा क्रम उलटापालटा!

मी म्हटलं, "साहेब, हे काय झालं?"

साहेब बोलले नाहीत. वहिनी बोलल्या. "काय झालं म्हणजे? मी लावले. त्या दोन लाल फिती एक इकडं, एक तिकडं होत्या. डोळ्यात खुपून राह्यलं होतं. लालाजवळ लाल आणलं, हिरव्याजवळ हिरवं. आता पाहा कसं छान दिसते!"

मी म्हटलं, "वहिनी, हे साडीचे काठ नाहीत, मेडलं आहेत!"

साहेबायनं मले बाजूले ओढलं अन् हळूच म्हणले, "पटले, घरात कमांड कोणाची आहे तुले माहीत नाही का? चूप राह्य."

राह्यलो चूप. पुढच्या वर्षी आणखी तिघं जण रंग जुळवून आले. त्यांच्या बायका म्हणे रहांगडाले वहिनींकडून शिकून आल्या होत्या. मी त्या दिवशी झेंड्याच्या काठीले टेकून उभा होतो, नाही तं पडलो असतो.

*

दुसरं प्रकरण नायक मेश्रामचं. भला माणूस, पण स्वच्छतेचं लय वेड. मेडल काळं पडलं म्हणून थो सराफ्यात एका सोनाराकडं गेला. आमच्या मेडलाच्या कडेवर आपला नंबर अन् नाव कोरलेलं असते. लहान अक्षरात असते, पण थेच तं सगळं असते! त्यावरूनच समजते का हे मेडल कोणाचं.

सोनारानं मेडल असं घासलं, असं घासलं, का आरशासारखं झालं. अन् नाव साफ!

मेश्राम मले घेऊन गेला भांडाले. मी सोनाराले म्हटलं, "भैया, इसमें नाम था!"

सोनार चष्मा वर करून म्हणाला, "अच्छा, वो नाम था? हम समझे मैल है. बड़ी मुश्किल से निकला, साहब!"

वरून मेहनतीचे जास्तीचे मागत होता. मेश्राम तिथंच दुकानाच्या पायरीवर बसला. मी त्याले चहा पाजून घरी आणलं.

*

बँडवाल्याचा किस्सा तं मी कोणाले सांगत नव्हतो, पण आता निघालाच आहे तं सांगतो. छब्बीस जनवरीले एक नेते पाहुणे म्हणून येणार होते. रहांगडाले साहेबायनं वारासिवनीवरून लग्नाचा बँड बोलावला. म्हणे रौनक पाह्यजे. आम्ही सगळे कोट घालून, छात्या फुगवून एका ओळीत उभे. बँडमास्टर आमच्या पुढं. त्याचा लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, अन् छातीवर पत्र्याचे बिल्ले एवढे का कोट दिसत नव्हता!

नेते गाडीतून उतरले. सरळ बँडमास्टरकडं गेले. त्याचा हात दोन्ही हातात धरला, डोळे भरून आणले अन् म्हणाले, "आप जैसे वीरों के कारण ही तो हम रात को चैन से सोते हैं!"

बँडमास्टर बिचारा नम्र माणूस. मान खाली घालून म्हणाला, "जी साहब. दस बजे के बाद हम बजाते ही नहीं."

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो बँडमास्टरचा. आम्ही मागं, अर्धे अर्धे. माझा तं फक्त कान आला होता. बायकोनं थो कान बरोबर ओळखला अन् दिवसभर हसली.

*

पण या सगळ्यांच्या वर, माझं रक्त आटवणारा माणूस एकच. शालिकराम कटरे, रामपायलीचा. फौजेत ड्रायव्हर होता. अंगानं काडी, उंचीनं माझ्या खांद्याएवढा, अन् स्वभाव असा का कोणी पायावर पाय दिला तं थोच म्हणेल, "लागलं तं नाही ना भाऊ?"

शालिक शांतिसेनेत आफ्रिकेत गेलता. तिथं युरोपातल्या एका लहानशा देशाची फौजही होती. एक दिवस त्यांच्या गाड्यांवर गोळीबार झाला अन् त्यांच्या एका तरण्या लेफ्टनंटच्या पायात गोळी घुसली. चहूकडं दलदल, गाडी चालेना. शालिकनं त्या साहेबाले पाठीवर घेतलं अन् चिखलातून आपल्या ठाण्यापर्यंत आणलं. त्यासाठी त्यांच्या फौजेनं त्याले मेडल दिलं अन् आपल्या सरकारनं लावाची परवानगी दिली. आमच्या सगळ्या मंडळात असं मेडल एकाच्याच जवळ आहे!

शालिक सांगे, "थो साहेब पाठीवरून इंग्रजीत काहीबाही बोलत होता. मले काय समजते? मी म्हणो, हौ. थो आणखी बोले, मी म्हणो, हौ, हौ. रस्ताभर तेवढंच चाललं."

आता ही गोष्ट दुसऱ्या कोण्या गावात झाली असती तं चौकात फलक लागला असता. पण रामपायलीत शालिकचा साळा राहते ना! धनलाल. किराण्याचं दुकान आहे त्याचं, अन् गावातल्या सगळ्या गप्पा त्याच दुकानाच्या ओट्यावर तयार होतेत. शालिक मेडल घेऊन सुट्टीवर आला त्याच दिवशी धनलालनं निकाल देऊन टाकला.

"सहा फुटाचा गोरा, अन् याच्या पाठीवर? याच्या पाठीवर धानाचं पोतं ठरत नाही! बजारातून इकत आणलं असन."

झालं! गाव हसलं अन् हसतच राह्यलं. पोरं रस्त्यात आडवी येत, "काका, मले पाठीवर घ्या ना!" तरणे पोरं त्याच्या मांगून चालत अन् एकमेकाले म्हणत, "हौ? हौ, हौ!" शालिकही त्यांच्यासंगं हसे. मीच भडकत होतो. एकदा धनलालच्या दुकानात जाऊन सांगतलं, "अबे, सरकारनं मान्य केलं आहे हे मेडल!"

धनलाल साखर तोलत म्हणाला, "सरकार तं काहीबी मान्य करते, पटले भाऊ."

सांगा आता! 

*

बरं, शालिक तरी त्या मेडलाची इज्जत ठेवते का? एका पोळ्याले मी रामपायलीले गेलतो. बैलजोड्या सजून उभ्या. झुली, घुंगरं, रंगवलेली शिंगं. अन् शालिकच्या बैलाच्या कपाळावर काय चमकून राह्यलं म्हणून जवळ गेलो, तं परदेशी मेडल!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "शालिक! बैलाले मेडल?"

थो शांतपणे बैलाच्या मानेवरून हात फिरवत म्हणाला, "भाऊ, मी तिकडं होतो तवा इकडं माझं शेत याच्याच भाऊबंदायनं ओढलं. काही तं हक्क आहे ना त्याचा?"

मी आणखीच भडकलो. बरं, लावलं तं लावलं, कपाळाच्या पार मधोमध! परदेशी मेडल सगळ्यात शेवटी लावतेत हे मी त्याले किती डाव सांगतलं होतं! त्या जोडीले पहिला नंबर मिळाला हे वेगळं. नंबर देणारा धनलालच होता. म्हणे, "झूल साजरी होती."

*

अन् मंग सुरू झालं लग्नाचं. याले जबाबदारही धनलालच! त्याच्या मोठ्या पोराचं लग्न निघालं. शेरवानी घेतली, फेटा बांधला, पण छाती रिकामी दिसे. हा गडी सरळ बहिणीकडं गेला. कौसाबाईनं डब्यातून मेडल काढून दिलं अन् नवरदेव शालिकचं मेडल लावून घोडीवर बसला!

मी मांडवातच त्याले गाठलं. "धनलाल, तू तं म्हणते खोटं आहे."

"खोटं आहे म्हून काय झालं? चमकते तं खरं ना!"

तिथून रामपायलीत रिवाजच पडला. ज्याच्या घरी लग्न थो शालिकच्या दारात. ओट्यावर बसून त्याची थट्टा करणारे, "हौ, हौ" म्हणून चिडवणारे, सगळे त्याच मेडलानं नवरदेव झाले! कोणी गळ्यात घातलं, कोणी फेट्याले टाचलं. कोणाची सासू म्हणे, विदेशी आहे तं वरतीच लावा. मी दर लग्नात अक्षता टाकाच्या आधी मेडलाची जागा पाहो अन् जेवणाची इच्छा मरून जाय.

एकदा मी शालिकले मंडळाच्या वऱ्हांड्यात बसवलं अन् चांगला फैलावर घेतला. "काहून देतो रे यायले? तुले खोटारडा म्हणतेत थे, अन् तू त्यायलेच देते?"

शालिकनं चपलेचा अंगठा सरळ केला. मंग म्हणाला, "भाऊ, मेडलाचं काय, थे लोखंड आहे. लावू दे ज्याले लावाचं त्याले. मले फक्त एक डाव कोणीतरी म्हणावं, का शालिक खरं सांगून राह्यला. माझी नातही परवा विचारे, आजोबा, तुम्ही खरंच उचललं होतं का?"

मी म्हटलं, "मंग तू काय सांगतलं?"

"काय सांगू? म्हटलं, हौ."

एवढा साधा माणूस, अन् एवढी साधी इच्छा, तेही आमच्यानं होत नव्हतं.

*

अन् आता हे याच सालचं. लगीनसराई चालू होती. एका सकाळी मंडळाचा फोन वाजला. कान्ह्याच्या जंगलातला एक गाईड हिंदीतून बोलत होता. "साहब, एक विदेशी मेहमान आए हैं, रिटायर कर्नल हैं. शेर देखने आए थे, पर पूछ रहे हैं कि बालाघाट में कोई शालिक ड्राइवर है क्या. थोड़ा लंगड़ाते हैं."

मी म्हटलं, "है! उनको कल ले आओ!"

लगेच शालिकले फोन लावला. सगळं सांगतलं.

"शालिक? ऐकून राह्यला ना?"

"खरंच येऊन राह्यला का भाऊ?"

"हौ रे बाबा!"

थो बारीक आवाजात म्हणाला, "गावात सांगू?"

"सगळ्यायले सांग! धनलालले तं आधी सांग!"

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या आवारात अर्धं रामपायली हजर. ट्रॅक्टरमधी भरून आले होते! कौसाबाई नवी साडी नेसून, नातीचा हात धरून उभ्या. रहांगडाले साहेबायनं शाल, श्रीफळ सगळं आणलं. त्यांची मेडलं अर्थातच रंग जुळवून. मले फक्त एकच ओळ बरोबर पाह्यजे होती. शालिकची.

शालिक इस्त्रीचा कोट घालून आला. मी छाती तपासली. पहिलं बरोबर, दुसरं बरोबर, सगळी बरोबर. अन् शेवटची जागा रिकामी!

"परदेशी कुठं आहे?"

शालिकनं मान खाली घातली. "उकव्याले."

"उकव्याले कायले?"

"धनलालच्या लहान पोराचं लग्न होतं ना काल. नवरदेवाच्या छातीवर आहे. तुमचा फोन यायच्या आधीच देऊन बसलो होतो. आम्ही रातीच परतलो, पण नवरदेवाच्या अंगावरून कसं काढून आणू?"

अरे देवा! मी डोक्याले हात लावून खालीच बसलो. एवढ्या वर्षांत एक दिवस, एकच दिवस थे मेडल त्याच्या छातीवर पाह्यजे होतं! धनलालले फोन लावला अन् जे तोंडात आलं थे बोललो. "आयुष्यभर खोटं म्हणला, अन् आज खरं व्हाची वेळ आली तं तुझ्या पोरानं लावून ठेवलं! आत्ताच्या आत्ता आण!"

"बिदाई चालू आहे, पटले भाऊ! सगळे रडून राह्यले!"

"रडत रडत या!"

अन् आले, बाप्पा! पण कसे? कान्ह्यावरून येणारा रस्ता बैहर, उकव्यावरूनच येते. घाटात नवरदेवाची जीप पुढं अन् कर्नलची गाडी तिच्या मांगं. जीपवाला साइड देईना. दोन्ही गाड्या एकाच वेळी मंडळाच्या फाटकातून आत! जीपमधून फुलं, फेटे, रडून लाल झालेली नवरी अन् टिनाची पेटी. मांगच्या गाडीतून पांढऱ्या केसांचा, ताडासारखा उंच गोरा माणूस, हातात काठी.

धनलालनं पोराले ढकललं, "जा, मेडल दे शालिक फुफाजीले!" पोरगं धावत ओळीत आलं. मी त्याच्या शेरवानीवर तुटून पडलो. पिन जरीत अडकलेली! निघेना! मी ओढून राह्यलो, पोरगं ओरडून राह्यलं, अन् तेवढ्यात आमच्यावर सावली पडली. वर पाह्यलं तं कर्नल.

कर्नल त्या मेडलाकडं पाहत होता. मंग पोराच्या कोवळ्या मिशांकडं. मंग पुन्हा मेडलाकडं. त्यानं गाईडले काही विचारलं.

गाईड मले म्हणाला, "साहब पूछ रहे हैं, ये कौन हैं?"

मी म्हटलं, "दूल्हा है."

गाईडनं सांगतलं. कर्नलले काही उलगडा झाला नाही. त्याचा चेहरा पडला. त्याले वाटलं असन, का चुकीच्या गावात आलो. थो वळला, अन् वळता वळता त्याची नजर बाजूच्या माणसावर गेली. काडीसारखा माणूस. पिकलेलं डोकं. छातीवर शेवटची जागा रिकामी.

गाव दोन पावलं पुढं सरकलं.

कर्नलनं काठी बगलेत धरली, वाकून शालिकच्या तोंडाकडं पाह्यलं अन् म्हणाला, "हौ?"

सगळ्या गावानं ऐकलं. कर्नल, परदेशी, अन् म्हणते हौ!

शालिक एक पाऊल पुढं आला. "हौ," थो म्हणाला. "हौ, हौ."

मंग त्यानं काय करावं? सलाम करावा, हात मिळवावा! नाही! शालिकनं कर्नलकडं पाठ केली, दोन्ही हात गुडघ्यावर ठेवले अन् वाकून उभा राह्यला. म्हणाला, "बस, साहेब."

मी ओरडलो, "शालिक, अबे कंबर!" कौसाबाई ओरडल्या, "अवो, वय पाहा आपलं!"

कर्नलची काठी खाली पडली. त्यानं आपले दोन्ही लांब हात शालिकच्या गळ्यात टाकले, गाल त्याच्या मानेले लावला अन् लहान पोरासारखा रडाले लागला. शालिकनं त्याले उचललं! खरंच उचललं! एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, अन् सत्कारासाठी मांडलेल्या खुर्चीपर्यंत नेऊन बसवलं. त्याची नात टाळ्या वाजवत होती, पण दुसऱ्या कोणी वाजवल्या नाहीत. कोणाचे हातच उठले नाहीत.

माझ्या कोपराले कोणीतरी हात लावला. पाह्यलं तं धनलाल. त्यानं आपल्या पोराच्या शेरवानीची जर फाडूनच मेडल काढलं होतं. दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून उभा होता, अन् डोळे वाहून राह्यले होते.

"पटले भाऊ," थो म्हणाला, "हे कुठं लावतेत? सगळ्यात शेवटी ना?"

मी म्हटलं, "नाही बे. आज पहिले लाव."